सायकल रॅलीला दोनशे माणसं, विश्वस्त व्हायला एकही नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

३ जूनच्या जागतिक सायकल दिनाला आपल्या पेपरात रॅलीचा मोठा फोटो आला होता. फोटो खरंच छान होता, सगळे पांढऱ्या टीशर्टात, पुढे दोन लहान पोरं आणि मागे नजर जाईल तिथपर्यंत सायकलीच सायकली. त्या फोटोत मी नाहीये कारण मी तेव्हा मागे टेबलाशी बसून टीशर्टच्या पैशांच्या पावत्या फाडत होते, आणि हे तक्रार म्हणून सांगत नाही, मला ते काम आवडतं. पण त्या रॅलीला दोनशेच्या वर लोक आले आणि पंधरा दिवसांनी आमच्या संस्थेची वार्षिक सभा होती तिला अकरा जण. विश्वस्तांच्या दोन जागा रिकाम्या आहेत, कोण पुढे येतंय, असं अध्यक्षांनी विचारलं तर कुणीच काही बोलेना, एकेक जण मोबाईल काढून बघायला लागला. म्हणून हे पत्र.

मी बँकेतून निवृत्त झाले त्याला आठ वर्षं होतील, त्यातली सहा वर्षं मी पुण्यातल्या एका छोट्या सायकल संस्थेची विश्वस्त आणि खजिनदार आहे. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे एकट्या आमच्या संस्थेचं दुखणं नाहीये, नाशिकच्या, कोल्हापूरच्या ओळखीच्या लोकांशी बोलले की तेच ऐकू येतं. आम्ही काय करतो तर शहरात सायकलवाल्याला सुरक्षित जागा मिळावी म्हणून महापालिकेच्या मागे लागतो. ट्रॅकच्या मधोमध डीपीचा बॉक्स आला, चौकात उतारच केला नाही, ट्रॅकवर हातगाड्या लागल्या, असले फोटो काढून वॉर्ड ऑफिसला द्यायचे, रस्त्याचं टेंडर निघालं की त्यात सायकल ट्रॅक खरंच धरलाय का ते बघायचं, आणि उत्तर आलं नाही की पुन्हा जायचं.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. भोंगा झाला की गेटातून शेकडो सायकली एकदम बाहेर पडायच्या, मी लहानपणी फाटकाशी उभी राहून त्यात दादांची सायकल शोधायचे, त्यांच्या हँडलला डब्याची निळी पिशवी असायची त्यावरून ओळखू यायची. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते काय उगाच नाही. मीसुद्धा कॉलेजला सायकलनंच गेले, नोकरीची पहिली चार वर्षंही, मग लूना घेतली आणि सुटली ती सुटली. आता परत चालवते पण मोठ्या रस्त्यावर जायला खरंच भीती वाटते, आणि ही भीती फक्त माझ्या वयाची नाही, शेजारची नववीतली मुलगी क्लासला सायकलनं जायला निघाली तर तिची आई गॅलरीत उभी राहते.

आता मूळ मुद्द्यावर येते. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठीची वेगळी लेन, झाली तेव्हा तिच्या कडेनं सायकल ट्रॅक आले. मग डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेनं अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, ८२४ किलोमीटरचं जाळं, खर्च अंदाजे ३३५ कोटी. त्याच सुमाराला भाड्याच्या सायकली आल्या, पिवळ्या, केशरी, हिरव्या, एक रुपयात अर्धा तास वगैरे, आणि दोन वर्षांत बघता बघता गायबही झाल्या. आराखडा मात्र कागदावर अजून आहे. पण त्याची आठवण कोणाला आहे? आयुक्त बदलले, रस्ते खात्यातले इंजिनिअर बदलले, मार्च २०२२ नंतर तर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकच सगळं बघत होते. म्हणजे खुर्चीवरचं प्रत्येक माणूस बदललं आणि त्या आराखड्यात आपल्या भागातला कुठला रस्ता होता, तेव्हा काय कबूल केलं होतं, कुठल्या बैठकीत कोण काय म्हणालं होतं हे फक्त बाहेरच्या संस्थांच्या फायलींमध्ये शिल्लक राहिलंय. फाईल राहते कधी, तर ती ठेवणारं कुणी असेल तेव्हाच. आणि ती ठेवायची जबाबदारी ज्याच्यावर असते तो विश्वस्त. एवढी साधी गोष्ट आहे पण ती आपल्याकडे कोणाला पटतच नाही, लोकांना वाटतं विश्वस्त म्हणजे लेटरहेडवर छापायची नावं.

माझी मुलगी लंडनला वॉल्थमस्टोला राहते, तीन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे पाच महिने राहून आले. तिथे मी हे काम वेगळ्या तऱ्हेनं चाललेलं बघितलं म्हणून जरा सविस्तर सांगते. तिकडे लंडन सायकलिंग कॅम्पेन नावाची संस्था आहे, १९७८ सालची, धर्मादाय म्हणून नोंदलेली, हजारो सभासद आणि जवळपास प्रत्येक बरोमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत वॉर्डापेक्षा मोठा भाग, त्यांचा स्थानिक गट. रोजचं काम बघायला थोडे पगारी लोक आहेत पण त्यांच्या वर जे विश्वस्त मंडळ बसतं ते सगळे बिनपगारी, आपापल्या नोकऱ्या सांभाळून करणारे, आणि त्यातले बरेचसे सभासदांनी मत देऊन निवडलेले. इंग्लंडच्या कायद्यात धर्मादाय संस्थेच्या विश्वस्ताला साधारणपणे मोबदला घेता येत नाही, खिशातून झालेला प्रवासखर्च वगैरे तेवढा मिळतो. आणि जबाबदारी मात्र पूर्ण त्यांची, संस्थेचा पैसा संस्थेच्या उद्देशासाठीच खर्च होतोय ना, हिशेब वेळेवर जातात ना, हे बघणं. संस्थेला मोहीम चालवता येते पण एखाद्या पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार करता येत नाही.

या मंडळाचा उपयोग काय तर ऐका. २०११ मध्ये पुढच्या मेयरच्या निवडणुकीसाठी कुठला मुद्दा घ्यायचा हे त्यांनी सभासदांना मतदानानं ठरवू दिलं, चार विषयांतून सभासदांनी निवडलं की लंडनचे रस्ते हॉलंडसारखे करा. आता हॉलंडमध्येही हे काही आकाशातून पडलेलं नाही हं, तिथे १९७१ साली एका वर्षात चारशेच्या वर मुलं रस्त्यावरच्या अपघातांत मेली, तेव्हा आईवडील रस्त्यावर बसले, त्या चळवळीचं नावच मुळी 'बालहत्या थांबवा' असं होतं. तर लंडनमध्ये एप्रिल २०१२ ला भर पावसात सुमारे दहा हजार लोक सायकली घेऊन आले आणि मोठ्या उमेदवारांनी त्या मागणीवर सह्या केल्या, एकाच पक्षाच्या नाही, सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या म्हणून कोणीही निवडून आलं असतं तरी त्याला विचारता आलं असतं. त्याआधी २०१० पासून तिथे सायकल सुपरहायवे म्हणून जे होतं ते बहुतेक ठिकाणी रस्त्यावर निळा रंग मारलेला, बाकी काही नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये दोन आठवड्यांत सहा सायकलवाले मेले. त्यानंतर कुठे पक्क्या कठड्याचे वेगळे ट्रॅक बांधले गेले, नदीकाठचा मोठा ट्रॅक २०१६ ला सुरू झाला. मी तो बघितलाय, सकाळी साडेआठला त्यावरून इतक्या सायकली जातात की मला खडकीचं गेट आठवलं.

ट्रकचं उदाहरण तर मला अजून महत्त्वाचं वाटतं. तिथे सायकलवाल्यांच्या मृत्यूंमध्ये ट्रकचा वाटा फार मोठा होता, कारण ड्रायव्हर इतका उंच बसतो की शेजारी, खाली कोण आहे ते त्याला दिसतच नाही. संस्था वर्षानुवर्षं म्हणत होती की ट्रकची केबिनच बदला, मोठ्या काचा लावा. शेवटी १ मार्च २०२१ पासून १२ टनांवरच्या ट्रकना ड्रायव्हरला बाहेरचं थेट किती दिसतं ते तपासून परमिट सक्तीचं झालं. या मधल्या वर्षांत मेयर बदलला, पक्ष बदलला, संस्थेतले पगारी लोकसुद्धा बदलले असतील, मागणी मात्र तीच राहिली. ही चिकाटी एकट्या हौशी सायकलवाल्याला जमत नाही, तो दोन वर्षांनी दमतो, लग्न होतं, बंगलोरला बदली होते. मंडळ असेल तर एक गेला तरी दुसरा त्याच पानावरून पुढे वाचायला घेतो.

आणि विरोध तिथेही झाला, खूप झाला. मुलीच्या घराजवळचा ऑर्फर्ड रोड दिवसा गाड्यांना बंद केला तेव्हा, २०१५ मध्ये, लोकांनी चक्क शवपेटी खांद्यावर घेऊन मोर्चा काढला होता की आमचं गाव मेलं म्हणून. मी गेले तेव्हा त्याच रस्त्यावर टेबलं टाकून लोक कॉफी पीत होते, एक म्हातारे आजोबा रस्त्याच्या मधोमध उभं राहून कुत्र्याच्या पट्ट्याची गाठ सोडवत होते, कोणी हॉर्न देत नव्हतं.

मुलीबरोबर मी तिथल्या सायकलवाल्यांच्या एका बैठकीलाही गेले होते, चर्चच्या हॉलमध्ये होती. माझ्या शेजारी साधारण माझ्याच वयाच्या एक बाई होत्या, त्या दुसऱ्याच एका छोट्या संस्थेच्या विश्वस्त. मी बँकेत होते म्हटल्यावर त्या एकदम खुलल्या, म्हणाल्या मी दर मीटिंगला एकच प्रश्न विचारते, आज सगळी देणगी बंद झाली तर किती महिन्यांचा पगार आपल्याकडे आहे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या विषयाला जाऊ देत नाही. मला तो प्रश्न इतका आवडला की परत आल्यावर मी आमच्या मीटिंगला तोच विचारायला लागले. आमच्याकडे पगारी माणूस एकच, अर्ध्या वेळचा मुलगा, पण त्यालाही घर आहेच की.

आता आमची चूक सांगते, लपवून काय करायचं. आमचे एक विश्वस्त कोविडमध्ये गेले, दुसरे मुलाकडे अमेरिकेला गेले ते तिकडेच राहिले. कायदा सांगतो की विश्वस्तांमध्ये बदल झाला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यायचा. आम्ही दिला नाही. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं दिला असेल, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत सगळेच हादरलेले होतो. नेमकं २०२१ मध्ये इन्कम टॅक्सचे नियम बदलले, सगळ्या संस्थांना बारा-ए आणि ऐंशी-जी, म्हणजे संस्थेला आणि तिच्या देणगीदारांना करात सवलत देणाऱ्या नोंदणीसाठी, नव्यानं अर्ज करावा लागला, आणि आमच्याकडे रेकॉर्डवर एक विश्वस्त मयत, एक परदेशात, बँकेत सहीचे अधिकार त्यातल्याच एकाचे. खात्यात पैसे होते पण चेक काढता येईना. त्याच वर्षी एक कंपनी शाळेच्या मुलांसाठी सायकली द्यायला तयार होती, त्यांनी कागद मागितले, आम्ही थांबा थांबा म्हणत राहिलो, मार्च संपला आणि ते पैसे दुसरीकडे गेले. वाईट याचं वाटलं की आम्ही त्या शाळेत जाऊन मुलींची यादी करून आलो होतो. सहावीतली एक मुलगी मला म्हणाली होती, काकू मला लाल नको, निळी पाहिजे. मी वहीत तिच्या नावापुढे निळी असं लिहिलंय, ती वही अजून माझ्याकडे आहे.

पुढे दीड वर्ष मी आणि अजून एक विश्वस्त, ते शाळेतून निवृत्त झालेले, आम्ही दोघं ते सगळं निस्तरत होतो. मृत्यूचा दाखला, राजीनाम्याचं पत्र, सभेचा ठराव, संमतीपत्रं, अ‍ॅफिडेव्हिट, तारखा. प्रोसिडिंग बुकमध्ये एका सभेवर सह्याच नव्हत्या, मग त्यावरून वेगळं. झालं शेवटी सगळं. पण ती दीड वर्षं रस्त्यावर एक इंचही काम झालं नाही, आणि त्याच काळात आमच्या भागातला एक बरा ट्रॅक उखडून तिथे पार्किंग झालं, आम्ही विरोधाचं पत्रसुद्धा वेळेत दिलं नाही. मी म्हणते सायकल ट्रॅक रस्त्यावर तुटण्याआधी असा कपाटात तुटतो, आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही.

अजून एक गोष्ट बोलायची आहे, ती जरा कडू लागेल. आमच्या मंडळावर सगळे आमच्यासारखेच होते, इंजिनिअर, बँकवाले, आयटीवाले, म्हणजे ज्यांनी ठरवलं तर उद्या कार काढता येते असे. पण पुण्यात रोज पोटासाठी सायकल चालवणारा कोण आहे? वॉचमन, पेपर टाकणारी पोरं, बांधकामावरचे मिस्त्री, चार घरी पोळ्या करणाऱ्या बायका. दोन वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका पोळ्या करणाऱ्या ताईंना विश्वस्त म्हणून घेतलं. पहिल्या दोन मीटिंगा त्या काही बोलल्याच नाहीत कारण आमचे मिनिट्स इंग्रजीत, बोलणं अर्धं इंग्रजीत आणि मीटिंग संध्याकाळी सातला, जी त्यांची स्वयंपाकाची वेळ. मग आम्ही मिनिट्स मराठीत केले आणि वेळ दुपारी तीनची केली. तिसऱ्या मीटिंगला त्या म्हणाल्या, तुम्ही ट्रॅकवर मोटारसायकल येऊ नये म्हणून ते खांब लावायला सांगता ना, ते इतके जवळ असतात की हँडलला दोन्हीकडे पिशव्या असल्या की मी अडकते, उतरून सायकल तिरकी करून काढावी लागते, म्हणून मी ट्रॅकवर जातच नाही. आम्ही सगळे गप्प. इतकी वर्षं आम्ही पत्रं लिहून लिहून ते खांब मागत होतो आणि आमच्यापैकी एकाच्याही हँडलला कधी पिशवी नव्हती. पुढच्या पत्रात आम्ही खांबांमधलं अंतर घातलं, ताईंनी स्वतः भरलेल्या पिशव्या अडकवून सायकल उभी केली आणि आम्ही टेपनं मोजलं.

एका गृहस्थांना आमचा बॅनर निवडणुकीसाठी वापरायचा होता, आधी देणगी देतो म्हणाले. तेव्हाही विश्वस्तांनी बसून ठराव करून नाही म्हटलं. दोन तरुण सभासद आमच्यावर चिडले की पैसे आले असते. पण उद्या दुसऱ्या पक्षाच्या माणसाकडे ट्रॅक मागायला गेलो तर त्यानं दारात तरी उभं केलं असतं का. असला नकार एकट्या कार्यकर्त्याला देता येत नाही, त्याच्यावर फार दडपण येतं, पाच-सात जणांनी सही करून दिला की तो संस्थेचा होतो.

म्हणून आपल्या पेपरातून माझं सांगणं वाचकांना आहे, विशेष करून निवृत्त झालेल्यांना पण फक्त त्यांनाच नाही. तुम्हाला पन्नास किलोमीटर सायकल चालवता आली पाहिजे असं काही नाही, सायकल येत नसली तरी चालेल. सीए असाल, वकील असाल, शाळेत कारकून होतात आणि जावक नोंदवही नीट ठेवायचात, तलाठी कार्यालयात कागद कसा हलतो ते माहीत असेल, तर तुमच्या शहरातल्या सायकल संस्थेला तुमची गरज आहे. महिन्याला एक मीटिंग, वर्षअखेरीला ऑडिटच्या वेळी जरा जास्त, एवढा वेळ लागतो. लोक विचारतात कोर्टकचेरी होईल का, तर खोटं कशाला सांगू, जबाबदारी आहेच, सही करायच्या आधी वाचायचं, पटलं नाही तर नाही म्हणायचं आणि ते मिनिट्समध्ये लिहून घ्यायचं. बँकेत मी एवढी वर्षं तेच केलं. आणि तरुण मंडळींना सांगते, तुम्ही तिशीत असाल तरी या, आमच्या मंडळावर पन्नाशीच्या आतलं कुणी नाहीये आणि रात्री दहाला ऑफिसातून सायकलनं घरी जाणारी मुलगी कुठल्या रस्त्याला घाबरते हे आम्हाला माहीत नाही.

जुन्या संस्थाचालकांनाही एक विनंती आहे. नवीन माणूस येत नाही म्हणताना आपण खुर्ची किती वर्षं धरून बसलोय तेही बघावं. आलेल्या माणसाला हिशेबाची वही दाखवावी, पासबुक दाखवावं, प्रश्न विचारू द्यावेत, त्याला नुसतं सतरंजी घालायला लावलं तर तो दुसऱ्यांदा कशाला येईल.

येत्या मार्चला मी खजिनदारपद सोडणार आहे, तसं मी सभेत सांगितलंय. फायली माझ्या घरी लोखंडी कपाटात आहेत, वर्षाप्रमाणे लावलेल्या, चेंज रिपोर्टची वेगळी, ऑडिटची वेगळी, आराखड्याच्या नकाशांची एक मोठी गुंडाळी कपाटाच्या वर. मार्चच्या आधी सहा महिने कुणी माझ्या शेजारी येऊन बसलं तर मी सगळं दाखवीन, कुठलं व्हाउचर कुठे आहे, कुठल्या ऑफिसात कितव्या खिडकीला जायचं, कुठल्या पत्राचं उत्तर अजून यायचंय. अशी सतरा पत्रं आहेत. त्या खांबांच्या अंतराचं पत्र त्यातलंच एक, त्याचं स्मरणपत्र या महिन्याच्या पंधरा तारखेला द्यायचंय.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे